ख्रिस्ती गीतांत 'सृष्टी'च का, 'निसर्ग' का नाही?

मराठी बायबलात आणि चर्चमधल्या गीतांत सारखी 'सृष्टी' येते, 'निसर्ग' क्वचितच, असं का, असा प्रश्न आहे. दोन्ही शब्द सृज् धातूचेच, पण वापरात निसर्ग म्हणजे आपसूक असलेलं, 'निसर्गतः' म्हणतो ना तसं, आणि सृष्टी म्हटलं की निर्माता आलाच, म्हणून उपासनेत तोच शब्द टिकला.

पण मला विचाराल तर शब्दापेक्षा वाक्यात सृष्टीची जागा कुठली ते बघा, खरा बदल तिथे दिसतो. बायबलातल्या स्तोत्र 148 मध्ये सूर्य, चंद्र, गारा, फळझाडं सगळ्यांना थेट हाक आहे, स्तुती करा म्हणून. इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसने 1225 च्या सुमारास लॅटिन सोडून उम्ब्रियाच्या बोलीत सूर्यगीत रचलं, त्यात सूर्य भाऊ, चंद्र बहीण (तिकडे लूना स्त्रीलिंगी, आपल्याकडे तो मामा!) आणि पृथ्वी तर बहीणही आणि आईही. त्यात 'पेर' असा एक छोटासा शब्द आहे, त्यावर अभ्यासकांचा वाद आहे की चंद्राबद्दल देवाची स्तुती असो की चंद्राकडून, आणि 'कडून' घेतलं तर चंद्र स्वतःच गायला लागतो. मला तोच अर्थ जास्त आवडतो.

1848 मध्ये आयरिश गीतकार सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर यांचं 'ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्युटिफुल' हे इंग्रजी गीत आलं. फुलं, पाखरांचे पंख, डोंगर, सगळं देवाने केलं, म्हणजे सृष्टी आता वाक्यातलं नुसतं कर्म. त्याच ओघात श्रीमंत वाड्यात आणि गरीब त्याच्या दाराशी हेही देवानेच ठरवलेलं असं एक कडवं आहे, ते 1906 च्या 'इंग्लिश हिम्नल' या गीतसंग्रहाने गाळलं आणि फार बरं केलं.

मग 1973 मध्ये इंग्रज गीतकार फ्रेड प्रॅट ग्रीन लिहितात की देवाने हा ग्रह आपल्याला 'लेंट' केलाय. याला मराठीत नेमका शब्द आहे, उसना. उसनं घेतलेलं धडपणे परत करायचं असतं, त्यामुळे इथे माणूस देणेकरी होतो. बायबलातल्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती 1:28 मध्ये 'सत्ता चालवा' आहे आणि 2:15 मध्ये बागेची 'मशागत व राखण', तर हल्लीची गीतं या दुसऱ्या वचनाच्या बाजूने झुकलीत.

तेव्हा नवीन गीत लिहिताय तर 'सृष्टी'च ठेवा, 'पर्यावरण' नको, कारण पर्यावरण म्हणजे आपल्या भोवतालचं, त्यात माणूस परत मधोमध जाऊन बसतो.