गंगापूर धरणात बोटीचं इंजिन तापतंय, थर्मोस्टॅट काढून टाकू का?

नका काढू. आधी एवढंच.

तुम्ही लिहिलंय की अलिबागकडून आणलेली जुनी डिझेल बोट गंगापूर धरणाच्या फुगवट्यात चालवता. सावकाश चालवली तर काटा जागेवर राहतो, रेस वाढवली की पंधरा मिनिटांत अलार्म वाजतो आणि मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढा. मी बरीच वर्षं मुंबई-रेवस पट्ट्यात लाँच आणि ट्रॉलरच्या इंजिनांवर काम केलंय, आता सातपूरला माझं वर्कशॉप आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी आणि मग उघडणारी झडप. तो काढला की थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे कूलर टाळून पाणी इंजिनातच माघारी नेणारी वाट बंद करतो. तोच नसला तर गरम पाणी कूलरकडे न जाता तसंच माघारी फिरतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. शंका असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात टाकून गॅसवर ठेवा, सोबत थर्मामीटर धरा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला तर तो निर्दोष आहे.

तुमच्या इंजिनाला रेडिएटरसारखं झाकण आहे, म्हणजे त्यात पाण्याचे दोन फेरे आहेत. आतला फेरा कूलंटचा, तो बंद असतो. बाहेरचा फेरा धरणाच्या पाण्याचा: बुडातला कॉक, गाळणी, रबरी इम्पेलरचा (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाचा) पंप, आतल्या कूलंटला गार करणाऱ्या कूलरच्या बारीक नळ्या, शेवटी एक्झॉस्टचं कोपर आणि तिथून धुरासोबत बाहेर. सावकाश ठीक आणि रेसला गरम, याचा अर्थ बहुतेक वेळा बाहेरचं पाणी कुठेतरी अडतंय. म्हणून त्या पाण्याच्या वाटेनंच चालत जा.

कॉक आणि गाळणी पाच मिनिटांचं काम. पावसाळ्यात धरणात गढूळ पाणी येतं, तेव्हा गाळणी रोज बघा. गाळणीच्या झाकणाचं रबर मात्र नीट तपासा. ते सैल असेल तर पाणी गळताना दिसत नाही, पंप तिथून हवा ओढतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. पंपाकडे जाणारा पाइप कोणी साधा बागेतला बसवलाय का तेही बघा. रेस वाढली की ओढीनं तो आतून चपटा होतो. तारेचा पाइपच हवा.

आता इम्पेलर. 1998 साली मांडव्याच्या एका लाँचचा इम्पेलर मी बदलला. जुन्याची दोन पाती तुटलेली होती. नवा बसवला, एक्झॉस्टमधून पाणी आलं, मी निघालो. ते दोन तुकडे कुठे गेले हे बघितलंच नाही. आठवड्याभरात प्रवासी भरलेले असताना भर पाण्यात इंजिन तापलं, दुसऱ्या लाँचनं ओढून आणावं लागलं. कूलर उघडला तर दोन्ही तुकडे नळ्यांच्या तोंडावर चिकटलेले. त्या लाँचमध्ये लहान मुलं होती, ते मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून जुना इम्पेलर समोर ठेवून पाती मोजतो, आणि एक तुकडा जरी कमी असला तरी तो सापडेपर्यंत इंजिन सुरू करत नाही. तुमच्या आधीच्या मालकानं इम्पेलर बदलला असेल तर कूलर उघडूनच बघा.

इम्पेलर वर्षाला एकदा बदला. बसवताना ग्रीस नको, साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा. कोरडा पंप मिनिटभर फिरला तरी रबर जातं. बोट महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर तो काढून ठेवा, नाहीतर पाती वाकलेल्या जागी तशीच बसतात. काढलात की किल्लीला चिठ्ठी बांधा, म्हणजे तो नसताना कोणी इंजिन सुरू करणार नाही.

कूलरमध्ये खाऱ्या पाण्याचे जुने थर असणार. द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्यांना आपण ॲसिड देतो ते तुम्हाला माहीत असेल. इथेही तसंच, पण बागेतलं कडक ॲसिड ओतू नका, तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या खाल्ल्या जातील. सौम्य डिस्केलर वापरा, नंतर भरपूर पाण्यानं धुवा, मग दाब देऊन नळी फुटलेली नाही ना हे पाहा. तिथं पेन्सिलसारखा जस्ताचा तुकडा स्क्रूवर बसवलेला असतो, नळ्यांऐवजी तो झिजावा म्हणून. झिजलेल्या जस्ताचा चुराही नळ्यांत अडकतो. शिवाय गोड्या पाण्यात जस्तावर थर धरून ते काम करेनासं होतं, तिथं मॅग्नेशियमचा घ्या.

आतल्या फेऱ्यात बोअरचं पाणी कधीच घालू नका, त्यातले क्षार इंजिनाच्या आत बसतात. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं. झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडा. उकळतं पाणी अंगावर आलेली माणसं मी पाहिली आहेत.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. इंजिन सुरू होत नसेल आणि तुम्ही सेल्फ मारत राहिलात तर पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. सायलेन्सर भरून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी कॉक बंद करूनच सेल्फ मारा आणि इंजिन लागताक्षणी उघडा.

बोटीच्या पाण्याखालच्या पंख्याला जाळं किंवा जलपर्णी गुंडाळली असेल तरी इंजिनावर बोजा येऊन ते तापतं, तेही बघून घ्या.

उद्या बोट धक्क्याला घट्ट बांधून एक्झॉस्टखाली बादली धरा. सावकाश आणि मध्यम रेसला बादली किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवा. रेस वाढवूनही पाणी वाढत नसेल तर अडथळा वाटेतच आहे. ते दोन आकडे, आणि पांढरी वाफ येते का, मला कळवा. मग पुढचं बोलू.