अल्बमचे ‘स्वागत’ संमिश्र होऊ शकते का?

प्रश्न असा आला आहे: ‘द फर्म’ या अमेरिकन हिप-हॉप सुपरग्रुपच्या अल्बमवर मराठीत लिहिताना ‘अल्बमचे स्वागत संमिश्र झाले’ हे वाक्य चालेल का? इंग्रजी लेखांत ‘रिसेप्शन’ असा मथळा असतो, त्याला मराठी शब्द कोणता?

माझ्या मते हे वाक्य चालणार नाही. ‘स्वागत’ म्हणजे सु + आगत. शब्दातच ‘सु’ बसलेला आहे, त्यामुळे स्वागत जंगी होते, थाटात होते, जल्लोषात होते. ‘थंडे स्वागत’ आपण म्हणतो खरे, पण तेव्हा नुसती वस्तुस्थिती सांगत नसतो. जे व्हायला हवे होते ते झाले नाही, अशी तक्रार त्यात असते. बरे-वाईट दोन्ही पोटात घेणारा तटस्थ शब्द म्हणून ‘स्वागत’ वापरता येत नाही. ‘स्वीकार’ सुचेल, पण त्यातही पसंती गृहीत धरलेली आहे. आणि ‘रिसेप्शन’ तसेच ठेवावे, तर मराठीत ते लग्नाचे आणि हॉटेलातल्या काउंटरचे होऊन बसले आहे.

सगळ्यात जवळचा शब्द ‘प्रतिसाद’. त्याला उदंड, थंडा, उत्स्फूर्त, संमिश्र यांपैकी कोणतेही विशेषण चालते. फक्त ‘संमिश्र’ म्हणजे ‘बेताचा’ नव्हे, हे ध्यानात असावे. बंदला संमिश्र प्रतिसाद मिळाला, म्हणजे काही दुकाने बंद राहिली आणि काही उघडी. एकाला आवडले, दुसऱ्याला नाही, असे असेल तरच हा शब्द घ्यावा.

पण या अल्बमसाठी मी एका शब्दावर थांबणार नाही, कारण त्याची कहाणीच एका शब्दात मावणारी नाही. न्यूयॉर्कचा रॅपर नॅस याच्या 1996च्या ‘इट वॉज रिटन’ अल्बममधल्या एका गाण्यात नॅस, एझी, फॉक्सी ब्राउन आणि कॉर्मेगा हे रॅपर एकत्र आले, आणि तिथूनच ‘द फर्म’ उभा राहिला. पुढे कॉर्मेगा बाहेर पडला आणि त्याच्या जागी नेचर आला. अल्बमच्या निर्मितीत लॉस एंजेलिसचा डॉ. ड्रे आणि ट्रॅकमास्टर्स ही निर्मात्यांची जोडी होती. टुपॅक आणि बिगी या दोन नामवंत रॅपरांच्या हत्या नुकत्याच झालेल्या, अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या रॅपरांतले वैर ताजे. अशा वेळी न्यूयॉर्कचे रॅपर आणि लॉस एंजेलिसचा निर्माता एका अल्बमवर काम करणार, ही केवढी मोठी बातमी! 21 ऑक्टोबर 1997 रोजी अल्बम आला आणि अमेरिकेतल्या अल्बमांच्या खपाच्या ‘बिलबोर्ड 200’ या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. समीक्षकांचा सूर मात्र नाराजीचा राहिला. अल्बमचा माफियागिरीचा विषय तोवर घासून गुळगुळीत झाला होता, आणि एवढी गुणी माणसे एकत्र येऊन हाती लागले ते अपेक्षेपेक्षा कमी, असा एकूण रोख. गटाचा दुसरा अल्बम झालाच नाही.

इथे मराठीत एक सुरेख जोडी हाताशी आहे: गाजावाजा आणि गाजणे. मुळाशी दोन्हीकडे तेच ‘गाजणे’ आहे, पण गाजावाजा आपण करतो, आणि गाजते ते आपोआप. पहिला बहुतेक वेळा वस्तू येण्याआधीचा, दुसरे ती आल्यानंतरचे. ‘द फर्मच्या अल्बमचा गाजावाजा खूप झाला, पण अल्बम गाजला नाही’ या एका वाक्यात ‘संमिश्र’पेक्षा कितीतरी जास्त सांगून होते. इंग्रजीत एका मथळ्याखाली खप, समीक्षा आणि श्रोत्यांची आवड असे सगळे भरता येते. मराठी वाक्य मात्र लगेच विचारते, कोणी? श्रोते डोक्यावर घेतात, समीक्षक नाक मुरडतात किंवा उचलून धरतात, आणि अल्बम स्वतः खपतो, गाजतो किंवा पडतो. कर्ता सांगावा लागतो, हे मला मराठीचे बळ वाटते. त्यामुळे लिहिणाऱ्याला नेमके बोलावेच लागते.

‘सुपरग्रुप’ खुशाल तसाच ठेवा. आधी स्वतंत्रपणे नाव कमावलेल्या कलाकारांनी मिळून केलेला गट, एवढा खुलासा एकदा केला की पुरे. ‘महागट’ म्हटले की महायुती आणि महाआघाडीच आठवणार. मथळा हवाच असेल तर ‘खप आणि समीक्षा’ द्या. त्याखाली असे लिहिता येईल: ‘अल्बम पहिल्याच आठवड्यात बिलबोर्डच्या यादीत अव्वल ठरला, पण बहुतेक समीक्षकांची निराशा झाली. 2020मध्ये नॅसच्या “किंग्ज डिसीज” अल्बममधल्या एका गाण्यात एझी, फॉक्सी ब्राउन आणि कॉर्मेगा पुन्हा त्याच्यासोबत गायले.’