‘सर्व भाग मूळ’ सांगून विकलेली ॲक्शन फिगर: दाद कशाबद्दल आणि कुठे मागावी?

प्रश्न: मी नाशिकरोडला राहतो. लहानपणी दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या मालिकांमधील नायकांच्या ॲक्शन फिगर जमवण्याचा मला छंद आहे. संग्राहकांच्या एका व्हॉट्सॲप गटावर परराज्यातील विक्रेत्याने ‘ही-मॅन’ची फिगर विकायला ठेवली होती. ‘१९८१ची, सर्व भाग आणि शस्त्रे मूळ, रंग कंपनीचा, स्थिती १० पैकी ९’ असे त्याने लिहिले होते. मी यूपीआयने १८,५०० रुपये भरले. फिगर मिळाली त्याच संध्याकाळी मी ‘छान आहे, धन्यवाद’ असा संदेश पाठवला. पुढच्या आठवड्यात एका जाणकार संग्राहकाने ती हातात घेऊन सांगितले की, कुऱ्हाड व तलवार नंतर बनवलेल्या नकला आहेत आणि बुटांवर पुन्हा रंग दिलेला आहे. शिवाय पाय सैल आहेत, तलवार एका बाजूने सपाट आहे आणि चेहरा मालिकेतील ही-मॅनसारखा दिसत नाही. विक्रेता म्हणतो की जुनी वस्तू ‘आहे त्या स्थितीत’ विकली, परत घेणार नाही आणि तो व्यापारी नसून संग्राहक आहे. मला काय करता येईल?

उत्तर: आपली तक्रार टिकण्यासारखी आहे, परंतु ती ज्या स्वरूपात आपण मांडली आहे त्या स्वरूपात मांडू नये, असे मला प्रथमच सांगावेसे वाटते. आपल्या पत्रात पाच-सहा गाऱ्हाणी एकत्र आली आहेत. त्यांपैकी दोन भक्कम आहेत, एक मध्यम आहे आणि उरलेली मुद्दाम वगळण्याजोगी आहेत. कायदा एखाद्या फिगरची गुणवत्ता संग्राहकाच्या नजरेने मोजत नाही. विक्रेत्याने विक्रीपूर्वी काय सांगितले आणि आपल्या हाती प्रत्यक्षात काय आले, या दोहोंमधील अंतर तो मोजतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘दोष’ या संज्ञेच्या व्याख्येत कायद्याने किंवा कराराने अपेक्षित असलेल्या दर्जाबरोबरच विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे दावा केलेल्या दर्जातील उणीवही येते, आणि आपले संपूर्ण प्रकरण या शेवटच्या शब्दांवर उभे राहणार आहे.

आधी वगळण्याजोगे मुद्दे पाहू, कारण कमकुवत मुद्दा भक्कम मुद्द्यालाही खाली ओढतो. चेहरा मालिकेतील नायकासारखा नाही, ही तक्रार करू नका. मॅटेल कंपनीने ही खेळणी १९८२ साली बाजारात आणली आणि फिल्मेशन या स्टुडिओची कार्टून मालिका त्यानंतर, १९८३ साली सुरू झाली. म्हणजे मूळ फिगर मालिकेवरून घडवलेलीच नव्हती आणि अस्सल नगाचाही चेहरा पडद्यावरील चेहऱ्याशी जुळत नाही. तलवार एका बाजूने सपाट असणे हाही दोष नाही. ही-मॅनची तलवार मुळातच अर्धी बनवलेली होती आणि त्याचा शत्रू स्केलेटॉर याच्या अर्ध्या तलवारीशी जोडली की तिची एक तलवार होत असे. हे दोन मुद्दे आपण नोटिशीत घातले, तर समोरचा वकील त्यांनाच प्रथम हात घालील आणि आपल्याला वस्तूची माहितीच नाही, असे चित्र ग्राहक आयोगापुढे उभे करील. पायांच्या सैलपणाबाबतही मी फारसा आग्रह धरणार नाही. चाळीस वर्षांच्या खेळण्यातील सांधे सैल होणे हे वयाचे लक्षण मानले जाईल, आणि विक्रेत्याने सांध्यांविषयी वेगळे काही लिहिलेले नव्हते. ‘१० पैकी ९’ या शब्दांचा आधार घेऊन एक वाक्य लिहिता येईल. परंतु विक्रेत्याने स्वतःच दिलेले गुण हे बरेचसे मत असते आणि मताला खोटे ठरवणे अवघड असते.

‘सर्व शस्त्रे मूळ’ आणि ‘रंग कंपनीचा’ ही मात्र मते नव्हेत, ही वस्तुस्थितीबद्दलची विधाने आहेत, आणि ती खरी तरी असतात किंवा खोटी तरी. माल विशिष्ट दर्जाचा, प्रतीचा किंवा बनावटीचा असल्याचे खोटे सांगणे ही २०१९च्या अधिनियमाच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्या कलमात जुना माल नवा म्हणून विकण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. आपल्याकडे नेमके उलटे घडले असून नवे भाग जुने म्हणून विकले गेले आहेत, तरी खोट्या दर्जाविषयीच्या सर्वसाधारण तरतुदीत ते बसते. त्याशिवाय मालविक्री अधिनियम, १९३० चे कलम १५ आहे. वर्णनावरून झालेल्या विक्रीत माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, अशी शर्त ते कलम करारात गृहीत धरते. आपण फिगर प्रत्यक्ष न पाहता केवळ लिहिलेल्या मजकुरावरून व छायाचित्रांवरून घेतली, त्यामुळे ही निखळ वर्णनावरून झालेली विक्री आहे.

‘१९८१ची’ हा दावा मी मध्यम धरतो. या फिगरच्या पाठीवर मॅटेलच्या नावाबरोबर कोरलेले १९८१ हे साल हक्कनोंदीचे (कॉपीराइटचे) आहे, उत्पादनाचे नव्हे, आणि पुढील वर्षांत तयार झालेल्या नगांवरही तेच साल राहिले. विक्रेत्याने ते साल वाचून प्रामाणिकपणे चूक केली असणे शक्य आहे. करार कायद्याच्या कलम १८ नुसार खोटे विधान अजाणतेपणी केले तरी ते चुकीचे निवेदन ठरू शकते, म्हणून मुद्दा लिहावा, पण त्यावरून फसवणुकीचा आरोप करू नये.

आता आपल्या त्या ‘छान आहे, धन्यवाद’ या संदेशाकडे येतो. आपल्या बाजूची सर्वांत अवघड जागा तीच आहे. मालविक्री अधिनियमाच्या कलम ४२ प्रमाणे खरेदीदाराने माल स्वीकारल्याचे विक्रेत्याला कळवले की स्वीकृती झाली असे मानले जाते, आणि एकदा स्वीकृती झाली की कलम १३ नुसार सर्वसाधारणपणे माल नाकारण्याचा हक्क जाऊन केवळ नुकसानभरपाईचा हक्क उरतो. विक्रेत्याचा वकील हा संदेश नक्की दाखवील. त्यावर आपले उत्तर कलम ४१ मध्ये आहे. ज्याने माल आधी तपासलेला नाही, त्याला तो करारानुसार आहे की नाही हे पाहण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत स्वीकृती झाली असे धरता येत नाही. खोके उघडल्या संध्याकाळी लिहिलेली सौजन्याची ओळ म्हणजे तपासणी नव्हे, आणि नकली शस्त्र किंवा नंतर दिलेला रंग हे दोष साध्या नजरेला दिसणारे नाहीत. हे उत्तर मला पटण्यासारखे वाटते, परंतु त्याची ताकद आपण किती लवकर लेखी नकार कळवता यावर अवलंबून आहे, कारण वाजवी मुदत उलटून गेल्यावरही माल ठेवून घेणे हीसुद्धा कलम ४२ प्रमाणे स्वीकृतीच आहे. तेव्हा सविस्तर नोटीस तयार होण्याची वाट न पाहता, ‘वर्णनाशी जुळत नसल्याने मी ही फिगर नाकारत आहे, परत नेण्याची व्यवस्था करा आणि पैसे परत करा’ एवढा संदेश आजच पाठवा.

‘आहे त्या स्थितीत’ आणि ‘परत घेणार नाही’ या शब्दांनी घाबरण्याचे कारण नाही. कायद्याने गृहीत धरलेल्या शर्ती उभय पक्षांच्या स्पष्ट कराराने वगळता येतात, हे मालविक्री अधिनियमाचे कलम ६२ मान्य करते. म्हणून सांधे, ओरखडे, पिवळेपणा यांबाबत या शब्दांचा विक्रेत्याला उपयोग होईल. परंतु एका ओळीत ‘सर्व शस्त्रे मूळ’ असे स्पष्ट लिहायचे आणि दुसऱ्या ओळीने ते विधान पुसून टाकायचे, अशी मुभा माझ्या मते त्याला मिळू नये. येथे एक सावधगिरी ठेवा. ही अट अन्यायकारक आहे असे वाटून तक्रारीला ‘अनुचित करार’ असे शीर्षक देऊ नका, कारण अनुचित कराराविषयीच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण अधिनियमाने राज्य आयोग व राष्ट्रीय आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. आपली तक्रार दोष व अनुचित व्यापारी प्रथा एवढ्यावरच ठेवा.

विक्रेता व्यापारी आहे की नाही, हा प्रश्न मात्र निर्णायक ठरू शकतो. जो विक्रीसाठीचा माल विकतो तो व्यापारी. त्यासाठी दुकान किंवा जीएसटी नोंदणी असावीच लागते असे नाही, पण स्वतःच्या कपाटातील एखादी वस्तू एकदाच विकणाऱ्या माणसाला व्यापारी ठरवणे कठीण जाते. म्हणून त्याच गटावर या व्यक्तीने आजवर टाकलेल्या याद्या, किंमती आणि ‘नवा माल आला’ अशा स्वरूपाचे संदेश तारखांसह जपून ठेवा. तो नियमितपणे विकत असल्याचे दिसले की ‘मी तर संग्राहक’ हा बचाव ढासळतो. हाच प्रश्न उलट बाजूने आपल्यालाही विचारला जाईल. पुनर्विक्रीसाठी माल घेणारा ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. आपण दुबार झालेली एखादी फिगर कधी विकली असेल, तर ते लपवू नका; ही विशिष्ट फिगर आपण स्वतःच्या संग्रहासाठी घेतली, हे प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा. विक्रेता व्यापारी ठरलाच नाही, तर ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होऊन दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. कलम १५ ची शर्त खासगी विक्रेत्यालाही लागू असते, मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. परंतु १८,५०० रुपयांसाठी दिवाणी दाव्याची दगदग करावी, असा सल्ला मी सहसा देणार नाही.

पुराव्याच्या बाबतीत आपले काम नेहमीच्या ग्राहक तक्रारीपेक्षा वेगळे आहे. जो दोष योग्य चाचणीशिवाय ठरवता येत नाही, त्यासाठी ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८ प्रमाणे आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण जुन्या ॲक्शन फिगरचे अस्सलपण तपासणारी मान्यताप्राप्त सरकारी प्रयोगशाळा आपल्याला मिळणे अवघड आहे. अमेरिकेतील ‘ॲक्शन फिगर ऑथॉरिटी’सारखी संस्था फिगर तपासून श्रेणी देते, परंतु वादातील वस्तू परदेशी पाठवण्याचा खर्च आणि धोका या रकमेला परवडणारा नाही. माझ्या मते उत्तम साक्षीदार आपल्या शहरातच सापडेल. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत प्लास्टिक मोल्डिंगची आणि साचे बनवण्याची कामे चालतात. तेथील एखाद्या अनुभवी मोल्डिंग अभियंत्याला शस्त्रे दाखवा. कारखान्यात इंजेक्शन मोल्डिंगने बनलेल्या भागावर साच्याची जोडरेषा आणि प्लास्टिक आत सोडल्याची खूण असते. मूळ वस्तूवरून रबरी साचा घेऊन रेझिनमध्ये ओतलेल्या नकलेत बहुधा बारीक बुडबुडे आढळतात, कडा बोथट होतात, आणि आकुंचनामुळे ती मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान भरते. निर्विवाद अस्सल कुऱ्हाड ज्या संग्राहकाकडे असेल, त्याच्याकडून ती घेऊन दोन्ही व्हर्निअरने (सूक्ष्म मापाच्या पट्टीने) शेजारी शेजारी मोजावीत, छायाचित्रे घ्यावीत आणि अभियंत्याने आपले निरीक्षण प्रतिज्ञापत्रावर द्यावे. बुटांवरील रंग अतिनील टॉर्चखाली पाहिल्यास नंतर दिलेला थर बरेचदा वेगळा चमकतो, त्याचेही छायाचित्र घ्यावे. तोपर्यंत फिगर धुऊ नका, पाय घट्ट करू नका, बुटांचा रंग खरवडून पाहू नका. आपण तिला हात लावला की पुराव्यालाही हात लागतो, आणि मालविक्री अधिनियमाच्या कलम ४२ खाली विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत कृती केल्याचा आक्षेपही ओढवतो.

विक्रीचा मूळ संदेश, छायाचित्रे, पैसे भरल्याची नोंद आणि कुरिअरची पावती यांच्या केवळ छापील प्रती पुरेशा समजू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ६३ इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी दोन भागांचे प्रमाणपत्र मागते, त्यातील एक भाग आपण आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. ग्राहक आयोगापुढे पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू होत नाही, तरीही हे प्रमाणपत्र जोडलेले असेल तर संदेश बनावट असल्याचा आक्षेप घेणे विक्रेत्याला जड जाते. व्हॉट्सॲप गटातून बाहेर पडू नका आणि फोन बदलू नका.

नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्यावेत. उत्तर न आल्यास तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातच दाखल करा. विक्रेता परराज्यात असला तरी कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाला अधिकार आहे, आणि २०१९च्या कायद्याने ग्राहकाला दिलेली ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीचे शुल्क नाही, ‘ई-जागृती’ या ग्राहक तक्रारींच्या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार नोंदवता येते, आणि वकील नेमणे बंधनकारक नाही. मुदत दोन वर्षांची आहे. विक्रेता गोड बोलून ती संपवणार नाही याकडे लक्ष ठेवा.

मागणी माफक ठेवावी. किंमत, कुरिअरचा खर्च, व्याज, मानसिक त्रासाबद्दल वाजवी रक्कम आणि तक्रारीचा खर्च एवढे मागावे. अस्सल फिगरची किंमत पुढे किती वाढली असती, हा हिशेब आयोगापुढे मांडू नये. पोलिसांत जाण्याचा विचारही सध्या बाजूला ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीसाठी विक्रेत्याचा हेतू सुरुवातीपासूनच अप्रामाणिक होता हे दाखवावे लागते. त्याच नकली कुऱ्हाडी त्याने इतरांनाही मूळ म्हणून विकल्याचे पुढे आले, तर तो मार्ग तेव्हाही मोकळा असेल.

नोटिशीनंतर विक्रेता तडजोडीस तयार झाला, तर ‘फक्त शस्त्रे बदलून देतो’ हा प्रस्ताव स्वीकारू नका, कारण रंगाचा दोष त्याने भरून निघत नाही आणि नवी शस्त्रे मूळ आहेत का, हा वाद पुन्हा उभा राहतो. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच फिगर परत पाठवा, आणि पाठवण्यापूर्वी प्रत्येक भागाचे सर्व बाजूंनी चित्रीकरण करून, ते करताना अभियंत्याला किंवा अन्य एका साक्षीदाराला समोर बसवा.