स्नायू, शीर की अस्थिबंध?

गुहागरहून एका वाचक बाईंचा प्रश्न आलाय. आई जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली, पाय मुरगळला. शेजारीण म्हणाली, "शिरेवर शीर चढली." डॉक्टर म्हणाले, "लिगामेंट." मुलाच्या शास्त्राच्या पुस्तकात 'अस्थिबंध' सापडलं, आणि हिंदी व्हिडिओतला माणूस त्यालाच 'स्नायु' म्हणाला. "स्नायू म्हणजे तर मसल ना? मग चुकलं कोण?"

चुकली असलीच तर शेजारीण, तीही थोडीशीच. शिरेवर शीर चढते ती पोटरीत गोळा येतो तेव्हा. तो मांसाचा प्रकार, घोट्याचा नव्हे. पण बोलीतली 'शीर' फार मोठ्या मनाची आहे. रक्तवाहिनी, नस, दोरीसारखं हाताला लागणारं काहीही ती पोटात घेते. तिला नावं ठेवू नयेत.

खरी गंमत हिंदीवाल्याची. तो जुन्या अर्थाला धरून आहे! सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्नायू ९०० आणि पेशी ५००. तिथे पेशी म्हणजे मांसाचे गठ्ठे, आपण आज मसल म्हणतो ते. स्नायू म्हणजे बांधणाऱ्या दोऱ्या, आणि त्यातल्या गोल त्या 'कंडरा'. हिंदीने पेशी 'मांसपेशी'त जपली आणि हाडाला हाड बांधणाऱ्याला स्नायु म्हटलं. आपण पेशी उचलून सेलला दिली, स्नायू मसलला दिला. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. ग्रीक 'न्यूरॉन' हा याच कुळातला, त्याचाही मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी. म्हणजे एकाच शब्दाने दोरी, मांस आणि मज्जातंतू अशी तीन घरं केली.

आता किनाऱ्यावरच्या माणसाला आवडेल अशी गोष्ट. सुश्रुताने स्नायू समजावताना उपमा दिली ती नावेची. फळ्या पुष्कळ बंधांनी आवळल्या की नाव पाण्यावर भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले म्हणून माणसं 'भारसहा'. ही नाव मला खिळ्यांची वाटत नाही, काथ्याने शिवलेली वाटते. तशी शिवून बांधलेली 'कौंडिण्य' नौका २०२५ मध्ये कारवारला आपल्या नौदलात दाखल झाली.

उपमा किती नेमकी ते सुंभ वळताना बघा. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवून, बडवून काथ्या काढतात. आमच्या वाडीतले एक आजोबा त्याची झिपरी तळहातांत धरून पेड वळतात. पेडाला एका बाजूचा पीळ, आणि दोन पेड एकत्र वळताना उलट बाजूचा. दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दोर उसवत नाही. घोट्याच्या अस्थिबंधात मुख्य माल कोलॅजेन नावाचं प्रथिन. त्याच्या एकेका साखळीला डावा पीळ, आणि अशा तीन साखळ्या उजव्या पिळाने एकत्र वळलेल्या. तिथून रेणूंचे तंतुक, तंतुकांचे तंतू, तंतूंचे जुडगे. तिपेडी दोरच! भोवती पाणी धरून ठेवणारा गर आणि मधूनमधून हा सगळा माल तयार करणाऱ्या पेशी (आजच्या अर्थाच्या). या सगळ्याला पाठ्यपुस्तक 'संयोजी ऊती' म्हणतं.

सैल असताना या तंतूंना चुण्या असतात. धक्क्याला बांधलेल्या होडीचा दोर लाटेबरोबर आधी नुसता ढिला सुटतो आणि मग एकदम ताठ होतो, तसंच इथेही. पहिल्या ओढीत चुण्या उलगडतात, फारसा जोर लागत नाही. पुढे मात्र दोर आवळतो. लांबी साधारण ४ टक्क्यांपलीकडे ताणली की बारीक तंतू तुटू लागतात, ८-१० टक्क्यांच्या आसपास सगळंच जातं. हळूहळू ओढलं तर तो थोडा सैलावतो, हिसक्याला मात्र ताठ राहतो. पायरीवरून घसरताना बसतो तो हिसकाच.

जाता जाता, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना? कोलॅजेनचा पीळ नुसत्या उकळण्याने जातो. पायाचा रस्सा रात्रभर ठेवला की सकाळी थरथरतो, तो पीळ सुटलेल्या कोलॅजेनमुळे.

म्हणून माझं मत: लिगामेंटला 'अस्थिबंध', मांस हाडाला जोडतं त्या दोरीला 'कंडरा'. पाठ्यपुस्तकी 'स्नायुरज्जू'ही चालेल, फक्त जुन्या अर्थाने तो 'दोरीची दोरी' होतो हे मला हसवतं. लिगामेंटला 'स्नायू' मात्र मराठीत म्हणू नये. सुश्रुत कितीही आपल्या बाजूने असला तरी वाचणारा मसलच समजेल.

आणि क्रियापद जपून वापरा, मराठीत तिथे छान सोय आहे. अस्थिबंध 'ताणला' म्हणजे तंतू बहुतेक शाबूत, 'फाटला' म्हणजे काही गेले, 'तुटला' म्हणजे दोन टोकं वेगळी. डॉक्टरांना एवढंच विचारा: ताणलाय, फाटलाय की तुटलाय? उत्तरावरून आईंना किती दिवस बसवायचं ते ठरेल. फार बसवूही नका. नवे तंतू ओढ मिळेल त्या दिशेने नीट रचले जातात, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा हलका व्यायाम सुरू करा. घरात मात्र 'पाय मुरगळला' एवढंच म्हणा. मुरगळण्यातही पीळ आहेच.