गोळी कधी आणि कशाबरोबर घेता, ते आधी सांगा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गरोदरपणाचा पाचवा महिना, हिमोग्लोबिन ८.९. दीड महिना लोहाच्या लाल गोळ्या नेमाने घेतल्या आणि परवाच्या तपासणीत ८.७. मळमळ होते, शौचाला काळं होतं, जाऊबाई म्हणतात बाळ काळं होईल. आणि तपासणाऱ्या बाईंनी सरळ सांगितलं, ‘तुम्ही गोळ्या घेतच नाही.’ हे शेवटचं वाक्य वाचून हात थांबेना, म्हणून एवढं लांब लिहितेय. हेच वाक्य मी माझ्या पहिल्या खेपेला ऐकलंय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. दोन बाळंतपणं आणि मधली चार वर्षं या एका आकड्यामागे धावण्यात गेली, तेवढाच माझा अधिकार. औषधाचा डोस माझ्या सांगण्यावरून बदलू नका. पालेभाजी, खजूर, गूळ हे तुम्हाला दहा जणांनी सांगितलं असेल, त्यात मी शिरत नाही.

मुद्द्याचं बोलते. तुम्ही लिहिलंय, ‘जेवल्यावर लगेच घेते, म्हणजे विसरत नाही.’ कॅल्शियमच्या गोळीबद्दल एक शब्द नाही. पण चौथ्या महिन्यानंतर तीही मिळालेलीच असणार, पांढरी, दिवसातून दोनदा. ती कधी घेता? माझा पहिला संशय तिथे आहे.

माझं काय झालं ते सांगते. पाचव्या महिन्यात ८.६ होतं. दिवसाला दोन लाल गोळ्या आणि दोन कॅल्शियमच्या सांगितल्या. दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीवरच्या माणसाने दोन्ही एकाच कागदी पुडीत घालून वर लिहिलं, ‘जेवणानंतर १-१, दोन वेळा’. मी दोन्ही एकदम गिळायची. पोटात आग पडायची, म्हणून त्याच ओपीडीतून सकाळची पित्ताची गोळी सुरू झाली. घरी सासूबाई म्हणाल्या, लोहाची गोळी उष्ण पडते, नुसत्या पाण्याबरोबर नको, दुधाबरोबर घे. त्यांनी मायेनेच सांगितलं, आजही त्यांच्यावर राग नाही. रात्री शतावरीचं दूध व्हायचंच, त्याच पेल्याबरोबर दुसरी गोळी. आणि दुपारी जेवणानंतर अर्ध्या तासात चहा.

म्हणजे लोहाच्या वाटेत जे जे येऊ नये ते सगळं मी रोज, एकही दिवस न चुकता, त्याच्याबरोबर पोटात ढकलत होते. कॅल्शियम आणि लोह एकत्र आले की लोह कमी शोषलं जातं. दुधातही कॅल्शियमच. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. पित्ताच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी होतं आणि लोहाला तर ते आम्ल हवं असतं. यातलं प्रत्येक मला नंतर कळलं, एकेक करून, वेगवेगळ्या माणसांकडून. ज्या खिडकीवरून पुडी मिळाली तिथून एकदाही नाही.

नऊ आठवड्यांनी ८.५. टेबलापलीकडच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, ‘गोळ्या गटारात टाकता आणि आकडे आम्हाला विचारले जातात.’ माझ्या कार्डावर तांबड्या शाईने लिहिलं की रुग्ण गोळ्या घेत नाही. मी रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून नेल्या होत्या, मोजून. त्या पाहायलाही कुणी तयार नव्हतं. ‘कशाबरोबर घेतेस?’ हे दोन शब्द विचारायला किती वेळ लागतो? पुढच्या तीन फेऱ्यांत तोच कागद, तीच सही, ‘चालू ठेवा’. वर बाहेरच्या दुकानातून आणायला दुसऱ्या नावाची लोहाचीच आणखी एक गोळी. आता दिवसाला तीन, आणि बद्धकोष्ठ असं की रडू यायचं.

बाळंतपणाला गेले तेव्हा ८.३. रक्तस्राव जास्त झाला, दुसऱ्या दिवशी ६.१, आणि दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं. सगळा दोष दुधाचा आणि कॅल्शियमचा होता असं मी म्हणणार नाही. गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळे आकडा थोडा खाली येतोच. रक्तस्राव कुणालाही होऊ शकतो. पण अकराने सुरुवात असती तर सहावर आले नसते, एवढं गणित मला येतं. पहिले दहा दिवस लेकीला धड मांडीवर घेता आलं नाही. हे मी विसरलेली नाही आणि विसरणार नाही.

त्या रात्री रक्त चढत असताना ड्युटीवरच्या एका शिकाऊ डॉक्टरने खाटेशी उभं राहून विचारलं, ‘गोळी कधी घ्यायचा, कशाबरोबर?’ मी सांगितलं. तो गप्प झाला, मग डबीच्या पुठ्ठ्यावर मला वेळापत्रक काढून दिलं. चार वर्षांनी दुसऱ्या खेपेला तेच वेळापत्रक वापरलं: ९.८ वरून अकरा आठवड्यांत ११.३. गोळी तीच, सरकारी, लाल.

ते असं होतं. कॅल्शियम सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. लोहाची पहिली गोळी मधे, साडेअकराच्या सुमाराला, लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याच्या फोडीबरोबर. दुसरी रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तास सोडून. झोपताना घेतली की मळमळ बरीचशी झोपेत निघून जाते. दूध हवंच असेल तर ते संध्याकाळी पाचला. चहा लोहाच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास नाही. तुमच्या जेवणाच्या वेळा वेगळ्या असतील, तर घड्याळ तुमचं लावा. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तास राहिले म्हणजे झालं. रिकाम्या पोटी अजिबात सोसत नसेल तर थोडं काही खाऊन घ्या, पण ते खाणं दूध, दही, पनीर नसावं. थोडं कमी शोषलं गेलं तरी चालेल, उलटून पडण्यापेक्षा बरं.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती पहाटे घ्या आणि लोह तिच्यानंतर चार तासांनी. माझ्या बहिणीने दोन्ही एकत्र घेतल्या आणि तिचं थायरॉइडच बिघडलं. काही अँटिबायोटिक्सनाही लोह निकामी करतं, त्यामुळे कोर्स लिहून देताना ‘लोह चालू आहे’ असं तुम्ही स्वतः सांगायचं, समोरचा विचारेल म्हणून थांबायचं नाही. पित्ताची गोळी मात्र मनाने बंद करू नका. लोहामुळे पोट दुखतं म्हणून ती दिली असेल, तर आधी लोहाची वेळ बदलून पाहू का, असं डॉक्टरांना विचारा.

आता गोळ्यांच्या संख्येबद्दल, कारण सुरक्षिततेचा प्रश्न इथे आहे. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. नुसत्या प्रतिबंधासाठी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. ११ च्या खाली असेल तर दोन सांगतात. दुकानातल्या पाकिटावरचा मोठा आकडा बहुधा क्षाराचा, म्हणजे लोह ज्या संयुगात आहे त्या सगळ्याचा असतो, नुसत्या लोहाचा नव्हे: फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण ६५ मिलिग्रॅमच. खाली बारीक अक्षरात ‘एलिमेंटल आयर्न’ शोधा आणि तो आकडा धरून बेरीज करा. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर दोन्ही पट्ट्या पुढे ठेवून विचारा, की या दोन्ही लोहाच्याच आहेत का. मी विचारलं नाही.

जास्त घेतल्याने लवकर भरून येत नाही, हेही मला उशिरा कळलं. लोहाचा डोस पोटात गेला की यकृत हेपसिडिन नावाचं एक द्रव्य सोडतं आणि साधारण दिवसभर आतड्यातलं दार अर्धवट लोटून घेतं. त्यामुळे हल्ली कित्येक डॉक्टर गरोदर नसलेल्या बायकांना एक दिवसाआड गोळी देतात. मलाही बाळंतपणानंतर तशीच दिली होती, आणि पोटाचा त्रास जवळजवळ गेला. तुम्ही मात्र पाचव्या महिन्यात आहात. तुम्हाला रोज सांगितली असेल तर रोजच घ्या, एक दिवसाआडचा प्रयोग स्वतःहून नको.

शौचाला काळं होण्याची काळजी करू नका, न शोषलेलं लोह बाहेर पडतं तेव्हा तसंच दिसतं. डांबरासारखं चिकट, घाण वास येणारं, सोबत चक्कर किंवा पोटात कळ असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा. आणि जाऊबाईंना सांगा, बाळाचा रंग गोळीने ठरत नाही. बाळ फार मोठं होऊन अडेल, असंही कुणी सांगेल. तेही खरं नाही. या दोन वाक्यांपायी आमच्या गल्लीत तीन जणींनी गोळ्या सोडल्या.

एक गोष्ट वेगळी सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की मोठा मुलगा तीन वर्षांचा आहे. त्या लाल, साखरेचं आवरण असलेल्या गोळ्या मुलांना चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या दिसतात. दहा-पंधरा गोळ्या तेवढ्या लेकराच्या जिवावर बेतू शकतात. आधी उलट्या होतात, मग काही तास मूल बरं दिसतं, आणि नंतर यकृत बिघडतं. बरं दिसतंय म्हणून घरी थांबायचं नाही, पट्टी हातात घेऊन थेट इस्पितळ गाठायचं. कपाटाला कडी आणि वरचा कप्पा, उशीखाली किंवा पर्समध्ये नाही.

वेळा नीट पाळूनही चार आठवड्यांत आकडा साधारण एकाने तरी वर आला नाही, तर तोच कागद ‘चालू ठेवा’ म्हणून परत घेऊ नका. लोहाची कमतरता आहे की दुसरं काही, हे पाहायला सांगा. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), रक्तपेशींचा आकार, बी-१२ जीवनसत्त्व (शाकाहारी असाल तर नक्कीच), आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची एचपीएलसी तपासणी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी). तुमचं माहेर विदर्भातलं आहे असं दिसतं, तर सिकलसेल या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचीही. थॅलेसेमियाचा वाहक असेल तर हिमोग्लोबिन कमीच राहतं आणि नुसत्या लोहाने ते भरत नाही. माझी ही तपासणी रक्त चढवल्यामुळे तीन महिने लांबली, कारण दुसऱ्याचं रक्त अंगात असलं की निकाल भरवशाचा राहत नाही. म्हणून आधी करून घ्या. जंताच्या गोळीबद्दलही विचारा. दिवस भरत आले आणि आकडा अजून खालीच असेल, तर शिरेतून लोह देता येतं, तो मार्ग आहे का हे आताच विचारून ठेवा, नवव्या महिन्यात नाही. आणि आकडा ७ च्या खाली गेला तर या सगळ्या वेळापत्रकात वेळ घालवू नका, भरती करून घेणारं मोठं रुग्णालय गाठा.

बीटाबद्दल माझं मत कुणाला आवडत नाही. १०० ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. रंगावर जाऊ नका. आवडतं म्हणून खा, पण गोळीऐवजी नाही. अळिवाचे लाडू बाळंतपणानंतर जरूर खा, त्यात लोह आहे. लोखंडी कढईत आमटी करा, वर लिंबू पिळा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. तुमच्या त्या बाई नसतील असं केंद्र निवडा, कार्ड घेऊन जा. तोवर एका वहीत रोज तीन रकाने भरा: गोळी किती वाजता, कशाबरोबर, आणि त्याआधी-नंतरच्या दोन तासांत काय खाल्लं-प्यालं. रिकाम्या पट्ट्याही ठेवा. टेबलावर वही उघडून ठेवली की ‘घेतच नाही’ असं म्हणणं कुणालाही अवघड जातं. कॅल्शियम कधी घेता ते मला आजच कळवा, आणि थायरॉइड आहे का तेही. तुमच्या वेळा कळल्या की वेळापत्रक आपण दोघी मिळून लावू.