किरण आला की आली?

प्रश्न : ताई, दिवाळी अंकासाठी प्रेमकथा लिहितेय, मुग्धा आणि किरणची. किरण नॉनबायनरी आहे, म्हणजे स्वतःला ना बाई मानत ना पुरुष. इंग्रजी रोमान्सवाले ‘दे’ (they) लिहून मोकळे होतात. मी ‘ते आले’ लिहिलं तर आई म्हणाली, कोण, सासरे आले का? ‘ते आलं’ लिहिलं तर मांजर आल्यासारखं वाटतंय. काय करू? आणि शेवटी लग्न लावलं तर चालेल ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आईचं बरोबरच आहे गं, आपल्याकडे ‘ते आले’ म्हटलं की आधी घरातलं कुणीतरी मोठं माणूस डोळ्यासमोर येतं. मी तुझ्या जागी असते तर किरणचे चॅप्टर सरळ ‘मी’मध्ये लिहिले असते. मी चहा केला, मी तिचा मेसेज दोनदा वाचला, मला तिची आठवण आली, मी उद्या येईन, यातून बोलणारं माणूस बाई आहे की पुरुष काही कळत नाही बघ. अडतं ते गेलो-गेले, बसलो-बसले, येतो-येते अशा ठिकाणी. तिथे ‘मला हसू आलं’, ‘मला निघायचं होतं’ अशी वाट काढता येते, पण पानभर तेच केलंस तर प्रेमकथा सोसायटीच्या नोटिशीसारखी वाचली जाईल. मधूनमधून आलो आणि आले दोन्ही येऊ दे की, असं मिसळून बोलणारी माणसं असतात. आणि कोल्हापूरकडच्या बायका तर बिनधास्त ‘मी आलो’ म्हणतात, त्यांना कुठे कोण अडवतं? प्रूफ तपासणाऱ्याला मात्र आधीच सांगून ठेव, नाहीतर तो सगळं ‘सुधारून’ देईल.

खरी गंमत मुग्धाच्या बाजूला आहे. तिला किरणशी रोज बोलायचंय आणि प्रत्येक वाक्यात क्रियापद आडवं येतंय. व्हॉट्सॲपवर ती ‘कधी येतोस’ टाइप करते, पुसते, ‘कधी येतेस’ टाइप करते, तेही पुसते, तिकडे किरणला नुसतं टायपिंग टायपिंग दिसतंय आणि शेवटी मेसेज येतो, ‘कधी येणार?’ अगं हाच तुझा रोमान्स आहे! इंग्रजीत हा सीन होऊच शकत नाही, त्यांच्या क्रियापदाला लिंग नाही.

तरी इंग्रजीतलं एक वाच, अनिता केलीची ‘लव्ह अँड अदर डिझास्टर्स’, २०२२ ची. टीव्हीवरच्या कुकिंग स्पर्धेत लंडन नावाचं नॉनबायनरी पात्र आहे आणि डालिया नावाची स्पर्धक आहे. लंडनला लोकांचा त्रास नाही असं नाही, पण कादंबरी पुढे सरकते ती भाजणं-तळणं, स्पर्धेचं टेन्शन आणि एकमेकांकडे चोरून बघणं यावर. तुझ्या ड्राफ्टमध्ये एक समुपदेशक मावशी येऊन दोन पानं जेंडर म्हणजे काय ते समजावते, असं तू कळवलंयस. मावशीला काढ. किरणला काय खुपतं, कशाचा राग येतो, मुग्धाच्या कुठल्या सवयीवर जीव जडलाय हे मला जास्त हवंय. आणि प्लीज, शेवटी ‘किरण खरं तर मुलगीच होती’ नको. विग आणि मिशा उतरवायचा शेवट नाटकात खूप झाला, किरणने कुठे वेष घेतलाय? मारूही नकोस, रोमान्स वाचणारी माणसं दोघं एकत्र राहणार या भरवशावर पुस्तक उघडतात.

आता लग्न. घरच्या घरी हार घालायला कुणाची बंदी नाही, पण रजिस्टर करायला निघालीस तर अडचण आहे. स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये वयाची अटच पुरुष २१, स्त्री १८ अशी आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये तृतीय लिंगाची ओळख मान्य केली, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, ट्रान्स व्यक्तींना स्त्री-पुरुष नात्यात चालू कायद्याने लग्न करता येईल एवढं म्हटलं. किरण यात नक्की कुठे बसणार ते कागदपत्रांवर काय लिहिलंय त्यावर जाईल आणि मग तुझी कथा आधार कार्डाची होईल. त्यापेक्षा दोघांना भाड्याचा वन बीएचके बघायला पाठव, एजंट विचारू दे ‘फॅमिली की बॅचलर?’ आणि दोघं एकदम दोन वेगवेगळी उत्तरं देऊ देत.