अंतराळातील अन्नावरच्या संशोधनाचा सामान्य माणसाला खरोखर काही उपयोग झाला आहे का?

मूठभर अंतराळवीरांच्या जेवणावर झालेला खर्च इतरांच्या दृष्टीने वाया गेला, असा आपल्या प्रश्नाचा रोख दिसतो. मी अकरा वर्षे अन्नप्रक्रिया उद्योगात गुणवत्ता नियंत्रणाचे काम केले आहे, आणि हे म्हणणे मला साफ चुकीचे वाटते.

ट्यूबमधील लगदा, गोठवून निर्वातात वाळवलेले पदार्थ, कण सुटू नयेत म्हणून जिलेटिनचा लेप दिलेले घास, हे सर्व आपल्याला माहीत असेलच. मात्र या संशोधनातून आलेली सर्वांत मोलाची गोष्ट खाण्याची नसून विचार करण्याची पद्धत आहे. १९५९ पासून पिल्सबरी कंपनी अंतराळासाठी अन्न तयार करू लागली, तेव्हा हॉवर्ड बाऊमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर असा पेच उभा राहिला की अन्नातून विषबाधा होणार नाही याची खात्री तयार मालाच्या तपासणीतून करायची, तर बॅचचा मोठा भाग तपासणीतच संपून जाई आणि यानात पाठवायला फारच थोडा उरे. म्हणून त्यांनी नासा आणि अमेरिकी सैन्याच्या नेटिक येथील प्रयोगशाळेबरोबर उलट वाट धरली: धोका कोणत्या टप्प्यावर शिरू शकतो ते आधी ठरवायचे, त्या टप्प्यावर पहारा ठेवायचा आणि त्याची नोंद करायची. हीच एचएसीसीपी पद्धत, म्हणजे धोक्यांचे विश्लेषण आणि निर्णायक टप्प्यांवर नियंत्रण. ती १९७१ मध्ये जाहीरपणे मांडली गेली आणि १९९३ मध्ये कोडेक्सने, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या आयोगाने, तिची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते, कारण या एका मुद्द्यावरून माझे काम माझ्याकडून काढून घेतले गेले. एका कारखान्यात आम्ही शिजवलेले अन्न पाऊचमध्ये बंद करून रिटॉर्टमध्ये, म्हणजे दाबाखाली तापवण्याच्या मोठ्या बंद पात्रात, निर्जंतुक करीत असू. एका रात्रपाळीत तापमानाच्या आलेखावर रेघ काही मिनिटे १२१ अंशांवरून ११६ अंशांपर्यंत उतरलेली मला दिसली. तापमान दहा अंशांनी उतरले की बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू (उष्णतेतही तग धरणारे त्यांचे रूप) नष्ट होण्याचा वेग दहापट मंदावतो. पाच अंशांनी तो सुमारे एक तृतीयांशावर येतो. मी बॅच रोखली. व्यवस्थापकांनी बारा पाऊच उबवणीला, म्हणजे जंतू असल्यास वाढून वायूने पाऊच फुगावा म्हणून उबदार जागी, ठेवले, एकही फुगला नाही, आणि ते म्हणाले, "तपासणीत पास झाले आहे, सही करा." मी सही केली नाही. ती दुसऱ्या कोणीतरी केली आणि पुढच्या आठवड्यात माझी गोदामात बदली झाली.

त्या मालाबद्दल एकही तक्रार आली नाही, आणि व्यवस्थापक शेवटपर्यंत तेच पुरावा म्हणून मला ऐकवत राहिले. तो पुरावा नव्हे. शंभरात एक पाऊच सदोष असेल, तर बारा नमुन्यांत तो एकदाही हाती न लागण्याची शक्यता सुमारे ८९ टक्के असते. शिवाय नमुने दाराजवळच्या ट्रेमधून घेतले होते. रिटॉर्टमध्ये जिथे उष्णता सर्वांत उशिरा पोहोचते, त्या जागेवरचा एकही पाऊच त्यात नव्हता. यानासाठी अन्न करणाऱ्यांना हे साठच्या दशकातच उमगले होते.

अंतराळातील अन्नाचे सर्व प्रश्न सुटले आहेत, असा माझा दावा नाही. दीर्घ साठवणुकीत क जीवनसत्त्व आणि थायमिन घटत जातात, आणि मंगळाच्या प्रवासासाठी काही वर्षे टिकणारे अन्न लागणार असल्याने ती अडचण मोठी आहे. १२१ अंशांचा आग्रहही पाणीदार, कमी आम्ल असलेल्या आणि हवाबंद करून फ्रीजबाहेर ठेवण्याच्या पदार्थांपुरताच समजावा. पुरेशा आम्लयुक्त पदार्थांना तितकी उष्णता लागत नाही.

आपण स्वतः या क्षेत्रात काम करणार असाल, तर प्रयोगशाळेच्या अहवालाआधी त्या बॅचचा तापमानाचा आलेख मागा, आणि तो दाखवला जात नसेल, तर समोर कोणीही उभे असले तरी सही करू नका.